वांगावर काय लावायचं

काजळ बारा तास टिकतं की नाही, हे पाहायला मी कांदे चिरते. ही माझी स्वतःची पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पाकिटावर 'बारा तास' लिहिणारी माणसं थंड खोलीत बसून लिहितात. त्यांनी अमडापूरच्या बाजारातला कांदा चुलीच्या धुरात बसून चिरलेला नसतो. मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवते, डोळ्यांत काजळ घालते आणि चिरायला घेते. काजळ गालावर उतरलं की मोबाइलकडे तोंड करून सांगते, "पाह्यलं? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. घेऊ नका." आणि टिकलं तर मला इतका आनंद होतो की नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना मी एकटीच हसत सुटते. सासूबाई आतून विचारतात, कोण आलंय.

हे वेड लागलं ते रागातून. लग्न होऊन मी देऊळघाटाकडून इकडे चिखली तालुक्यात आले. दुपारी मोबाइलवर मुली 'रोजचा साधा मेकअप' शिकवायच्या. त्यांच्या खिडकीबाहेरची झाडंसुद्धा धुऊन पुसून ठेवल्यासारखी दिसायची. त्यांचा रोज आणि आमचा रोज यांचा काही संबंध नव्हता. आमच्या रोजात गाडीवर निघताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये बांधायचं असतं, आणि स्कार्फ सोडल्यावर लिपस्टिक ओठांवर असावी, हनुवटीवर नसावी, एवढीच आमची अपेक्षा असते. हे त्यांना कोणी विचारत नव्हतं. मग मीच सुरू केलं. लिपस्टिक लावायची, स्कार्फ करकचून बांधायचा, चिखलीपर्यंत जाऊन यायचं आणि दारात उतरल्या उतरल्या मोबाइलसमोर स्कार्फ सोडायचा. तो सोडायचा क्षण इतका रंगायचा की शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बसायच्या. नेलपेंटची परीक्षा राखेने भांडी घासून, टिकलीची परीक्षा घामात, पावडरची परीक्षा भाकरी थापताना. बायका पाहू लागल्या, मैत्रिणींना पाठवू लागल्या. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "माहिती छान, पण भाषा जरा शुद्ध वापरा. बाई असून 'मी करतो, मी जातो' काय?" आमच्याकडे बायका तसंच बोलतात. मी उत्तर दिलं, "लिपस्टिक शुद्ध आहे काय ते तुमी पाहा, भाषेचं मी पाह्यतो." नाकावर राग असतोच माझ्या. त्या बाई अजून नेमाने पाहतात.

माल मिळायचा बाजारातल्या चाचांकडून. चाचांचं कटलरीचं दुकान आहे, म्हणजे बांगड्या, टिकल्या, रिबिनी, लिपस्टिक, पावडरी, सगळं एका ताडपत्रीखाली. मी दिसले की ते खालच्या खोक्यातून नवीन काहीतरी काढतात. "बेटा, ये नया आया. लेके जा, लावून पाह्य. अच्छा निकला तं लोकाइले सांग, खराब निकला तं मले सांग." मी मात्र दोन्ही लोकांनाच सांगत आले. एकदा त्यांच्या एका क्रीमची मी सालटी काढली, तर पुढच्या आठवड्यात चाचा हात जोडून म्हणाले, "तुने तो मेरा पूरा धंदा बिठा दिया." आणि तसंच हसत दुसरी डबी पुढे केली.

आता जाऊबाईंकडे येते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं माहेर खाली दुसरबीडकडचं. त्या कधीमधी 'का' विचारताना आमच्या 'काऊन'च्या जागी 'कामून' म्हणतात आणि मी चिडवते. विहिरीजवळचा वावराचा एक तुकडा त्यांनी सासऱ्यांकडून मागून घेतला आणि त्यात वांगी लावली. घरात सगळे हसले होते. पण त्यांची वांगी चिखलीच्या बाजारात अशी जाऊ लागली की व्यापारी आधी फोन करून विचारायचे, आज येणार का. जाऊबाई सकाळी वावरात जायच्या ते उन्हं उतरल्यावर यायच्या, आणि येताना गुणगुणत यायच्या. इतकं सुखी माणूस मी आमच्या घरात दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात मी मला धरते.

त्या उन्हाने त्यांच्या गालांवर वांग आणलं. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर तपकिरी डाग, कडेला फिके, मध्ये गडद. पहिल्यांदा धाकट्या पोरीच्या वेळी थोडं आलं होतं, मग वावरातल्या उन्हाने ते पसरलं. त्यांना स्वतःला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आरशात पाहायच्या, कुंकू लावायच्या आणि विळा घेऊन निघायच्या.

मग त्यांच्या भावाचा साखरपुडा झाला. तिथे जेवायला बसताना त्यांनी स्कार्फ सोडला आणि त्यांच्या चुलतीने चार बायकांत म्हटलं, "काय माय, पोर सासरी पार सुकली की. तोंडावर समदं दिसतंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. चुलती जेवून विसरली. जाऊबाईंच्या आईने मात्र ते मनात धरलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी फोन. "जेवलीस का? घरचे नीट बोलतेत का? कोणी जवळ असंल तर काही बोलू नको, नुसतं हं म्हण. मी समजून घेते." जाऊबाई सांगून सांगून थकल्या. "आई, मी मजेत आहे वं. वांग्याला भाव आहे, पोरी शाळेत चालल्या, मी काय सांगू तुले?" आई म्हणायची, "तू कधी सांगणार हाईस? तू लहानपणीबी सांगत नव्हतीस." आणि एकदा घात झाला. आई फोनवर होती आणि त्याच वेळी टेम्पोवाल्याने विचारलं, कॅरेट उचलू का. जाऊबाई त्याला म्हणाल्या, "हं." फोन पलीकडून खट्कन बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने भाऊ दारात हजर, सोबत रिकामी बॅग, ताईला घेऊन जायला. लग्न ठरलेला मुलगा, डोळे लाल. सासूबाईंनी त्याला बसवलं, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जाऊबाईंनी त्याला वावरात फिरवून आणलं. संध्याकाळी तो बॅगेत वांगी भरून परत गेला. आम्ही आठवडाभर पोट धरून हसलो, पण आईची खात्री काही पटली नाही. "धाकट्या भावासमोर कशी बोलंल ती," एवढंच तिचं म्हणणं.

लग्न वैशाखात होतं. जाऊबाई एकुलती एक बहीण, म्हणजे करवली त्याच. हातात करा धरून नवरदेवाच्या मागे उभं राहायचं, सगळ्या फोटोंत यायचं. लग्नाला महिना दीड महिना राहिला असताना एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "मी करवली म्हणून उभी राह्यत नाही. चुलत बहिणीले सांगतो. मी मागे बसतो."

"काऊन?"

"आई माह्या तोंडाकडे पाह्यत बसीन अन् रडीन. पोराच्या लग्नात. चार बायका अजून बोलतीन. मले डागाचं काही नाही वं, पण आईच्या डोक्यातून निघून नाही राह्यलं. तिले वाटते मी इथं दुःखात आहो."

मला इतका राग आला की विचारू नका. राग चुलतीचा, त्या डागांचा, आणि सुखाचा पुरावा मागणाऱ्या सगळ्या जगाचा. मी म्हटलं, "ताई, तुमी उभ्या राहणार. तुमचं तोंड माह्याकडे द्या."

"तुह्या कांद्यासंग चिरशीन काय?" त्या म्हणाल्या, पण तोंड दिलं.

आधी आम्ही बुलढाण्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं: उन्हापासून जपा, हे सनस्क्रीन लावा, हळूहळू फिकं होईल, पण लग्नापर्यंत जाईल अशी आशा धरू नका. "शक्यतो उन्हात जाऊ नका," असं त्या म्हणाल्या तेव्हा जाऊबाईंनी भोळेपणाने विचारलं, "मंग वांगे कोण तोडीन?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि टोपी घालायला सांगितली. पाहुण्यांपैकी एकीने आठ दिवसांत गोरं करणारी बिननावाची ट्यूब पाठवली होती. ती मी आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मला गोरं करायचं नव्हतं. मला फक्त गाल गालाच्या रंगाचा करायचा होता.

आणि मग जे दिवस सुरू झाले ते मी आयुष्यात विसरणार नाही. रोज दुपारी जाऊबाई वावरातून आल्या की आम्ही दोघी परसातल्या उजेडात बसायचो. पहिल्या दिवशी मी डागावर सरळ फाउंडेशन थापलं. डाग झाकला गेला, पण गाल असा करडा पडला की राखुंडी फासल्यासारखा. सासूबाई पाहून म्हणाल्या, "बरं वाटून नाही राह्यलं काय वं हिले?" दुसरी डबी पांढरीफटक निघाली. तिसरीने गाल गुलाबी केला; जाऊबाई आरशात पाहून म्हणाल्या की लहानपणी जत्रेत अशी बाहुली मिळायची. सगळ्या डब्यांवर नावं मात्र एकाहून एक: मध, वाळू, बदाम, हस्तिदंत. आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या रंगाची डबी कोणी काढलेली नव्हती.

मी मोबाइलवर शोधलं. तपकिरी डागावर आधी शेंदरी रंग द्यावा, म्हणजे वरून लावलेलं करडं पडत नाही, असं कळलं. त्या शेंदरी क्रीमची डबी मागवली तर पार्सलवाला फोनवर म्हणाला, तुमचं गाव आमच्या यादीत नाही. पण मी कुठली थांबते. सरळ चाचांकडे गेले आणि म्हटलं, "चाचा, तुमच्याकडची सगळ्यात न खपलेली शेंदरी लिपस्टिक द्या." चाचांनी खोक्याच्या तळातून एक काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, "ये किसको लगाती तू? मारुतीला?" जाऊबाईंनीही तिच्याकडे पाहून तेच विचारलं.

बोटाच्या टोकावर घेऊन मी ती फक्त डागांवर टिपली. मग स्टीलच्या ताटलीत मधाची डबी आणि बदामाची डबी चमच्याच्या दांड्याने कालवली, थोडी इकडची, थोडी तिकडची, पिठात पाणी घालावं तशी. ओल्या स्पंजने हलक्या हाताने थापलं. आणि डाग गेला. गेला म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर गेला. मी अशी किंचाळले की सासूबाई हातात लाटणं घेऊन धावत आल्या. त्यांनी जाऊबाईंची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं आणि विचारलं, "डाग कोठं ठेवले?" जाऊबाई आरसा सोडेनात. मी त्यांच्याभोवती नाचत होते, खरंच नाचत होते, ताटलीसकट.

पण आरशापुढे टिकलं म्हणजे टिकलं असं मी मानत नाही. दुसऱ्या दिवशी तेच लावून त्यांना वावरात पाठवलं आणि मागून मीही गेले. भर दुपार, वांग्याचे काटे, कपाळावरून घाम. त्यांनी सवयीने साडीवर चढवलेल्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि बाहीवर शेंदूर. मी तिथेच बांधावर बसून हिशेब लावला की थर जाड झाला. मग पातळ थर, त्यावर ओलं फडकं दाबून, त्यावर साधी अंगाला लावायची पावडर, पुन्हा पातळ थर. रोज थोडं बदलायचं, रोज वावरात पाठवायचं. जाऊबाई वांगी तोडायच्या आणि मी सरीतून मोबाइल धरून मागे मागे. शेवटी एके दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं. बाही पांढरी ती पांढरीच. त्या रात्री मी जेवताना सगळ्यांना ती बाही दाखवत होते.

अर्थात मी व्हिडिओ टाकला. त्यात जाऊबाईंचा फक्त गाल दिसत होता, तसंच ठरलं होतं. नाव दिलं, 'वांगावर काय लावायचं? उन्हातही टिकतं.' माझ्या कुठल्याच व्हिडिओला मिळाली नव्हती इतकी गर्दी त्याला झाली. मी हरखून प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. पहिलीच होती: "ताई, आमच्या वांग्यावर दोन फवारे झाले तरी शेंडे सुकून राह्यले. हे लावलं तं चालीन काय? एकरी किती ट्यूब लागतीन?" दुसरा विचारत होता, अळीवर चालतं की फक्त मव्यावर. तिसऱ्याने स्वतःच्या झाडाचा फोटो टाकला होता. खाली एक काका चिडले होते: "गाल काऊन दाखवून राह्यल्या? झाड दाखवा."

मी डोक्याला हात लावला. आमच्या पट्ट्यात वांग म्हटलं की माणसाला गाल नाही, भाजी दिसते. मी भराभर लिहायला लागले की हे मेकअपचं आहे, जरा नीट वाचत जा. तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्या खांद्यावरून पाहिलं, मोबाइल हातातून घेतला आणि गंभीरपणे ते झाडाचे फोटो मोठे करून पाहू लागल्या. "हे पाह्य, ह्याचे शेंडे त पोखरले. फवारून काय होते? सुकलेले शेंडे तोडून जाळ म्हणा ह्याले आधी. अन् सापळे लाव म्हणा." मी म्हटलं, "तुमीच सांगा ना." आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

त्या बोलल्या. वांग्याच्या ओळीत उकिडवं बसून, एक शेंडा बोटांत चिरून आतली अळी दाखवत, अळीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा कुठे टांगायचा ते सांगत, मध्येच त्या चिडलेल्या काकांची नक्कल करत. त्या दिवशी मेकअप नव्हता, स्कार्फ मानेवर घसरला होता, आणि ते दोघींच्याही ध्यानात नव्हतं. ध्यानात आलं ते घरी येऊन पाहताना. गाल, डाग, सगळं भर उन्हात स्पष्ट.

"काढून टाकतो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. "मी बोलताना इतकी हसतो काय वं?" त्या म्हणाल्या.

"रोजच हसता."

"मले माहीतच नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "राहू दे. लोकाइच्या कामाचं आहे." व्हिडिओ राहिला. पण करवलीचं विचारलं तर त्यांनी मान हलवली. "ते येगळं आहे. आईले हे शेंदराचे गालच दाखवू. तिचं मन शांत झालं पाह्यजे."

लग्नाला आम्ही दोन दिवस आधीच गेलो. माझ्या पिशवीत साडी एक आणि डब्या सतरा, असं माझा नवरा म्हणाला. मी मोजल्या नव्हत्या. हळदीच्या गडबडीत जाऊबाई तोंडाला हळद फासून घेऊन वावरल्या, त्यामुळे आईला नीट पाहायला मिळालंच नाही. लग्नाच्या सकाळी मागच्या खोलीत, खिडकीपाशी, मी त्यांना बसवलं. इतके दिवस ज्यासाठी तयारी केली ते आता होतं. शेंदरी टिपका, फडकं, पावडर, ताटलीतला आमचा कालवलेला रंग. मी त्या दिवशी जितकं सुंदर काम केलं तितकं त्याआधी कधी केलं नव्हतं. करवलीची हिरवी साडी, नाकात नथ, आणि गाल असा की जणू उन्हाने त्याला कधी शिवलंच नाही. मी मागे सरकून पाहिलं आणि मला रडूच आलं आनंदाने. बाहेर बँड वाजायला लागला होता.

तेवढ्यात दार ढकलून जाऊबाईंची आई आत आली. लहानखुरी बाई, डोक्यावरचा पदर पुढे नाकापर्यंत ओढलेला. ती लेकीसमोर उभी राहिली आणि पाहत राहिली. मी वाट पाहत होते की आता चेहरा खुलेल. तो खुलला नाही. तिने पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि, मला काही कळायच्या आत, लेकीच्या गालावरून फिरवलं. एकदा, दोनदा, चांगलं घासून.

"आई, राहू द्या," मी ओरडलेच. आईने ऐकलं नाही. पातळ थर, पावडर, शेंदूर, सगळं त्या पदरावर आलं आणि गालावरचा डाग उघडा पडला.

"मला वाटलंच," आई म्हणाली. "झाकून आणली. एवढं झाकायचं कामून? काय हाय असं, जे मला दाखवायचं नाही?"

आम्ही तिची काळजी मिटवायला निघालो होतो आणि आगीतून फुफाट्यात जाऊन पडलो होतो. जाऊबाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं त्याही रडतील. पण त्यांनी आईचे दोन्ही हात धरले.

"आई, हे उन्हाचं आहे. माह्या वांग्याच्या वावराचं. मी सकाळी उठतो तं मले कधी जातो वावरात असं होते. मले कोणी तरास नाही देत. तुह्या गळ्याची शपथ. झाकलं ते तू रडू नाही म्हणून."

आईने डोक्यावरचा पदर मागे ढकलला. मी तिला इतक्या वेळा पाहिलं होतं, साखरपुड्यात, सणाला, आणि तिचं कपाळ आणि गाल मी कधी पाहिले नव्हते. दोन्ही गालांवर, नाकाच्या शेंड्यावर, लेकीला होतं तिथेच, जुनं गडद वांग. सुरकुत्यांत मुरलेलं.

"ह्या नवरदेवाच्या येळी आलं हे," ती म्हणाली. "पोटात होता तवा. लई वाईट दिवस होते माय. तुझी आजी, तुझा बाप... जाऊ दे. माझ्या तोंडावर समदं दिसत होतं. मी माहेरी गेले, पंगतीत बसले, समद्यांनी पाह्यलं. एकानं इचारलं नाही, का गं, काय झालं. माझ्या आईनंबी नाही. म्हणून मी तुला रोज इचारते."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, करवली कुठे आहे, नवरदेव निघाला. आई डोळे पुसून घाईघाईने पदर पुढे ओढायला लागली. जाऊबाईंनी तो ओढू दिला नाही. त्यांनी आईला खांदे धरून खुर्चीवर बसवलं आणि माझ्या हातातला स्पंज घेतला.

"काय करती गं, मला म्हातारीला काय लावती," आई म्हणाली, पण उठली नाही. मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मलाबी लाव मग. जरासं."

ताटलीतला रंग मी लेकीसाठी कालवला होता. तो आईच्या गालावर असा बसला की वेगळा काही कालवावा लागला नाही. जाऊबाई स्वतःचा उघडा गाल तसाच ठेवून आईचा गाल हलक्या हाताने थापत होत्या. आई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मंग?" जाऊबाई म्हणाल्या. "पोटात हा होता, अन् काय झालं? सांग मले सम्दं. मी ऐकून राह्यली."

आणि आई सांगू लागली.

दारावर पुन्हा थाप पडली. मी दार एवढंसं उघडून बाहेर आले आणि ते पाठीमागे ओढून घेतलं. समोर नवरदेवाचा मामा, दोन चुलत्या, फोटोवाला, आणि ती साखरपुड्यातली चुलती सगळ्यांच्या पुढे. "करवलीला किती येळ? मुहूर्त जाऊन राह्यला." माझा राग आयुष्यात पहिल्यांदा इतका उपयोगाला आला. मी दोन्ही हात चौकटीला लावले आणि म्हटलं, "करवलीचं काम चालू आहे. थांबा."

"अवं, मुहूर्त..."

"मुहूर्त थांबीन," मी म्हटलं. "नवरदेवाच्या आईले बोलायले कोणी कधी वेळ दिला नाही. तुमी पाच मिनिटं द्या."

चुलती माझ्याकडे पाहून मागे सरकली. मामांनी बँडवाल्याला खूण केली आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. दाराच्या फळीतून मला आईचा आवाज ऐकू येत होता, न थांबता, आणि मध्ये मध्ये लेकीचं "हं, मंग?" मी दारातून हलले नाही.